मोठ्या गोठ्याला स्वतःचा पशुवैद्य हवा का?

हुबळीच्या मध्यवस्तीतील लॅमिंग्टन रोड ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धारवाड जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात मोडत असे. इलाख्यात जनावरांचे डॉक्टर तयार होत ते परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. १८८६ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. त्या काळच्या पशुवैद्याचा मालक बहुधा एकच असे, तो म्हणजे सरकार. बुळकांडीची साथ आली की सरकारी माणूस गावात येई, टोचणी करी आणि पुढच्या गावाची वाट धरी. एखाद्या गोठ्याने आपल्या पगारावर पशुवैद्य ठेवावा, हा विचार लष्कराच्या आणि संस्थानिकांच्या पागांपलीकडे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

बुळकांडी आता इतिहासजमा झाली. भारत २००६ साली या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून ती हटल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पूर्णपणे नाहीसा झालेला हा दुसराच रोग. साथीमागे धावणाऱ्या सरकारी पशुवैद्याचे ते मोठेच यश होय. मात्र साथ गेली आणि गोठे वाढले. शंभर, तीनशे, हजार गाईंचे गोठे उभे राहिले. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर हजारांचा हिशेब केव्हाच मागे पडला. अशा ठिकाणी दवाखान्यात फोन करून डॉक्टरांची वाट पाहणे पुरेसे आहे, की डॉक्टर गोठ्याचाच असावा, हा प्रश्न आता महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही राज्यांतील पशुपालकांपुढे उभा आहे.

हुबळी-धारवाड परिसरात या प्रश्नाची दोन टोके शेजारी शेजारी दिसतात. एका टोकाला गवळी समाज आणि त्याची धारवाडी म्हैस. काळी, चंद्रकोरीसारख्या शिंगांची ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. २०२१ साली तिला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. भौगोलिक मानांकन लाभलेल्या धारवाडी पेढ्याची ख्याती याच दुधावर उभी राहिली. चरायला जाणारी, स्थानिक हवेला सरावलेली अशी मोजकी जनावरे असणाऱ्या घराला पगारी पशुवैद्य परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. म्हैस आजारी पडली की घरातल्या जाणत्या माणसाच्या आधी लक्षात येते, मग सरकारी दवाखाना किंवा दूध संघाचा डॉक्टर. दुसऱ्या टोकाला संकरित गाईंचा बंदिस्त गोठा आहे. तेथे दिवसाला वीस-पंचवीस लिटर दूध देणारी गाय सिमेंटच्या जमिनीवर उभी असते, तिला ओळखणारा मजूर सहा महिन्यांनी बदलतो आणि तिचा आजार पहिल्यांदा दिसतो तो दुधाच्या नोंदवहीत. जनावराची जात, त्याच्याकडून होणारी अपेक्षा आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांची संख्या या तीन गोष्टी पशुवैद्याची गरज ठरवतात. डोकी मोजणे त्यानंतर येते.

मोठा म्हणजे किती मोठा?

तरीही डोकी मोजावी लागतातच. शंभर दुभत्या गाईंचा गोठा उदाहरणादाखल घेऊ. दोन वेतांतील अंतर तेरा-चौदा महिने राखले, तर वर्षाला ८५ ते ९० गाई विणार, म्हणजे दर चार दिवसांनी एक वेत. एका गर्भधारणेला सरासरी दोन ते अडीच रेतने लागतात असे धरले, तर वर्षाला दोनशेच्या आसपास कृत्रिम रेतने. प्रत्येक रेतनानंतर गाभण तपासणी, व्यायल्यानंतर गर्भाशयाची तपासणी, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकुताची लस, घटसर्प व फऱ्याची लस, जंतनाशके, खुरांची छाटणी, वासरांची हगवण, गोचीड ताप आणि कासदाह. हे सारे मांडले की दिवसाला एक-दोन कामे पशुवैद्याची आहेत हे दिसून येते. त्यातली तातडीची थोडी. बहुतेक कामे तारीख ठरवून करण्याजोगी असतात आणि तारीख ठरवली नाही तर ती राहूनच जातात.

पशुवैद्य ठेवण्याचा विचार मनात येतो तो रात्री अडलेल्या गाईमुळे. पैसे मात्र बुडतात ते दुसरीकडे. गाईचे ऋतुचक्र २१ दिवसांचे असते आणि माज टिकतो तो बारा ते अठरा तास. पहाटेचा माज कोणाच्या ध्यानात आला नाही, की पुढचे २१ दिवस गाय रिकामी. भाकड गाईच्या खाद्य-चाऱ्यावर दिवसाला दीडशे रुपये खर्च धरला, तर एक हुकलेला माज ३,१५० रुपयांना पडतो. शंभर गाईंचा प्रत्येकी एकच माज हुकला तरी आकडा तीन लाखांवर जातो. या नुकसानीची पावती कोणी देत नाही, म्हणून ते दिसत नाही.

आता पगाराकडे पाहू. महिना ६० हजार रुपये पगार गृहीत धरला, तर वर्षाचे ७ लाख २० हजार होतात. भाकड जनावरे धरून कळपाची सरासरी गाईमागे दिवसाला १० लिटर असेल, तर शंभर गाईंच्या गोठ्यात हा बोजा लिटरमागे सुमारे दोन रुपये पडतो. तीस गाईंच्या गोठ्यात तोच साडेसहा रुपयांवर जातो आणि धंदाच मोडतो. तीनशे गाईंच्या गोठ्यात तो ६६ पैशांवर येतो. हे आकडे प्रत्येकाने आपल्या गोठ्याचे घालून पुन्हा मांडावेत. पण गणिताचा कल बदलणार नाही. शंभरच्या खाली पूर्णवेळ पशुवैद्य हा चैनीचा खर्च ठरतो, तीनशेच्या वर तो न ठेवणे महाग पडते आणि खरा पेच असतो तो मधल्या गोठ्यांचा.

कायदा काय म्हणतो

मोठ्या गोठ्याने पशुवैद्य नोकरीस ठेवलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. मात्र जनावरावर उपचार कोणी करावेत हे कायद्याने ठरलेले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला राज्य सरकारच्या आदेशानुसार किरकोळ सेवा देता येतात, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली. येथे अनेक मोठे गोठे घसरतात. पशुधन पर्यवेक्षकाची पदविका घेतलेला एखादा हुशार मुलगा पंधरा-वीस हजारांत मिळतो. तो रेतन करतो, लस टोचतो, हळूहळू सलाईन लावू लागतो, प्रतिजैविके ठरवू लागतो आणि वर्षभरात गोठ्याचा ‘डॉक्टर’ होऊन बसतो. त्याच्या हाताला गुण असेलही. पण त्याच्यामागे नोंदणीकृत पशुवैद्य उभा नसेल, तर तो मुलगा आणि मालक दोघेही कायद्याच्या बाहेर उभे असतात.

दुसरा कायदा २००९ चा, प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा. अनुसूचित रोगाचा संशय आला, की ती खबर देण्याचे आणि आजारी जनावर वेगळे बांधण्याचे कर्तव्य मालकावर येते. संशय येण्यासाठी मात्र तो ओळखणारा माणूस जागेवर हवा, आणि हे सांगायला कायद्याची गरज नाही.

नवापूरने शिकवलेले

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे त्याचे सर्वांत कडू उदाहरण. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक येथील कोंबडीपालन केंद्रांत झाला. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा प्रथम राणीखेतचा संशय घेतला गेला. राणीखेत कोंबडीवाल्यांच्या ओळखीचा रोग. मरतुकीचा आकडा चढला की तेच नाव सर्वांच्या तोंडी येणार. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने बर्ड फ्लूच्या विषाणूचे निदान केल्यानंतर लाखो पक्षी मारावे लागले आणि देशभर कोंबडीचा बाजार कोसळला. २०२१ साली याच नवापुरात रोग पुन्हा आला.

येथे पगारी पशुवैद्य असता तर सारे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विषाणू प्रमाणपत्र पाहून येत नाही. पण राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि तो आजच गेला पाहिजे, हे ठरवणारा अधिकारी माणूस शेडवर हवा. त्या निर्णयाने मालकाचा धंदा बंद पडण्याची शक्यता असते. म्हणूनच प्रश्न असा येतो, की ज्याचा पगार मालक देतो, तो पशुवैद्य हा निर्णय घेईल का?

पगार कोणाचा, इमान कोणाशी

स्वतःचा पशुवैद्य ठेवण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप हाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुधाचेच पाहा. कासदाह झालेल्या गाईला प्रतिजैविक दिले, की ठरावीक दिवस तिचे दूध विकता येत नाही. औषधाच्या वेष्टनावर हा वर्ज्य काळ छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे; एखाद्या औषधाचा काळ प्रयोगाने निश्चित झालेला नसेल, तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. वीस लिटरच्या गाईचे सात दिवसांचे दूध म्हणजे १४० लिटर. एका वेळी अशा दहा गाई उपचाराखाली असल्या, तर १,४०० लिटर दूध ओतून द्यायचे. सकाळी टाकी भरत नसताना ‘या दहा गाईंचे दूध टाकीत जाणार नाही’ असे मालकाला सांगणे सोपे नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ दूधनमुने तपासले. त्यांतील ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले, तर ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेबाहेर निघाले. लोकांत चर्चा होते ती दुधात पाणी आणि युरिया मिसळल्याची; प्रत्यक्षात मोठा आकडा निघाला तो बुरशीच्या विषाचा. हे विष दुधात कोणी घालत नाही. ते येते बुरशी धरलेल्या पेंडीतून. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका ओलसर कोठारात पडून राहिला की बुरशी वाढते, गाय ती खाते आणि विष दुधात उतरते. दूध उकळले तरी ते जात नाही. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणाचे प्रमाण काय असते हे सांगायला नको, आणि येथील पेंड बरीचशी घाटावरून येते. गोठ्याचा पशुवैद्य कोठाराच्या दारात उभा राहून पोत्यात हात घालतो की नाही, यावर त्याची परीक्षा करावी. बाहेरून बोलावलेला डॉक्टर गाय पाहून जातो. कोठारापर्यंत सहसा तो जात नाही, आणि त्याला कोणी नेतही नाही.

आक्षेपाला उत्तर म्हणून काही देशांनी वेगळा मार्ग धरला. डेन्मार्कने १९९५ साली पशुवैद्यांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा घातली, म्हणजे जितकी औषधे अधिक तितकी कमाई अधिक हा धागाच तोडला. पुढे २०१० पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कळपांना पशुवैद्याशी सल्ला-करार करणे सक्तीचे केले. नेदरलँड्सनेही एका पशुपालकाचा एकच ठरलेला पशुवैद्य असा करार अनिवार्य केला. दोन्हीकडे सक्ती आहे ती नात्याची, नोकरीची नाही. पशुवैद्य स्वतंत्र राहतो, ठरलेल्या दिवशी येतो, कळपाच्या नोंदी पाहतो आणि प्रतिजैविकांच्या वापराचा जाब देतो. आपल्याकडेही कायदा औषधांभोवती आवळत चालला आहे. गिधाडांच्या मृत्यूंनंतर जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसाला वाचवणारे अखेरचे प्रतिजैविक म्हणून राखून ठेवायचे कोलिस्टिन २०१९ पासून अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत व मत्स्यशेतीत वापरता येत नाही. त्याआधी ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जात असे. अशा बंदीची बातमी गोठ्यापर्यंत पोचते ती औषध-दुकानदारामार्फत. कधी कधी ती पोचतच नाही.

मधले रस्ते

सरकार, मालक आणि पशुवैद्य यांच्या जोडणीचे अनेक प्रयोग आपल्या भागात होऊन गेले आहेत. मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीत १९४९ पासून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातील म्हशींचे गोठे हलवण्यात आले. सुमारे १,२८७ हेक्टरांवर ३२ गोठा-गट आणि १६ हजार जनावरांची सोय अशी ही योजना. म्हशी खासगी मालकांच्या, जागा व पशुवैद्यकीय व्यवस्था सरकारी. तबेलेवाल्याने पगार द्यायचा नाही, म्हणून डॉक्टरवर त्याचा दाब नाही आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर. कल्पना उत्तम होती. पुढे मुंबई वाढत आरेच्या अंगावर आली आणि चर्चा म्हशींची न राहता जमिनीची झाली, ही निराळी कथा.

लष्कराने याच्या उलट, सर्व काही स्वतःचे ठेवले. पहिला लष्करी गोठा १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादेत सुरू झाला. पुढे देशभर असे गोठे झाले, पुण्याजवळ पिंपरीतही झाला. फ्रिसवाल ही संकरित गाय या गोठ्यांच्या साहाय्याने घडली. नोंदी, रेतन, उपचार सारे एका व्यवस्थेखाली असल्याशिवाय असे पैदाशीचे काम होऊ शकत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर २०२१ साली हे गोठे औपचारिकपणे बंद झाले. बाजारात दूध सहज मिळत असताना सैन्याने गाई का पाळाव्यात, हा प्रश्न रास्तच होता.

सहकारी दूध संघांची पद्धत सर्वांच्या परिचयाची. आणंदचा खेडा संघ, कोल्हापूरचा गोकुळ, नंदिनीच्या छत्राखालील धारवाड संघ, सर्वांनी कमी-अधिक प्रमाणात पशुवैद्य संघाच्या पगारावर ठेवून दोन-चार जनावरांच्या दारी सेवा पोचवली. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उभी केलेली ‘बाएफ’ संस्था कृत्रिम रेतन दारापर्यंत घेऊन गेली. लहान गोठ्यांसाठी याहून चांगली व्यवस्था अद्याप निघालेली नाही. पण दीडशे गाईंच्या गोठ्याने संघाच्या डॉक्टरवर विसंबणे म्हणजे एकाने साऱ्या गावाच्या वाट्याचे पाणी ओढण्यासारखे आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशु-एककांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. ज्या डॉक्टरकडे आधीच अनेक गावे आहेत, त्याला एका मोठ्या गोठ्याने रोज अडकवून ठेवले, तर उरलेल्या गावांतील एका म्हशीवर चालणाऱ्या घरांचे काय? स्वतःचा पशुवैद्य ठेवण्याच्या बाजूने हा मुद्दा क्वचित मांडला जातो, पण तो मांडायला हवा.

कोंबडीपालनात तिसरीच रीत रुळली आहे. कंपनी पिल्ले, खाद्य व औषध देते, शेतकरी शेड आणि श्रम देतो, आणि कंपनीचा पशुवैद्य शेडवर फेरी मारतो. डॉक्टर मिळतो खरा, पण तो शेतकऱ्याचा नसतो. पिल्ले आली तीच अशक्त होती की शेतकऱ्याने निगा राखली नाही, यावर वाद झाला तर त्याचे मत कोणत्या पारड्यात पडणार, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नोकरीस ठेवल्यावर

पशुवैद्य ठेवायचा ठरला, तरी तो मिळणे आणि टिकणे वेगळे. तरुण पदवीधर गोठ्यावर येतो, वर्षभरात हात बसतो आणि सरकारी भरती निघाली की निघून जातो. त्याला दोष देता येणार नाही. गावापासून दूर, मजुरांच्या खोल्यांशेजारी राहणे, रात्री-अपरात्री उठणे, सुट्टी नाही, आणि अवघड निदानात विचारायला बरोबरीचा माणूस नाही. एकाच गोठ्यात राहून त्याची नजरही अरुंद होते. त्याच चार आजारांवर तीच चार औषधे चालू राहतात. त्याहून वाईट म्हणजे तो हळूहळू व्यवस्थापक होतो. मजुरांची हजेरी, चाऱ्याची खरेदी, टँकरचा वेळ हे सारे त्याच्याकडे येते, कारण शिकलेला माणूस तोच. मग पशुवैद्य पगारावर असूनही गाभण तपासणीची तारीख हुकते.

या अडचणींमुळे शंभर ते तीनशे गाईंच्या गोठ्यांना नोकरीपेक्षा करार अधिक मानवतो, असे मत मांडायला जागा आहे. आठवड्यातील दोन ठरलेले दिवस, त्या दिवशी गाभण तपासणी, व्यायलेल्या गाईंची तपासणी, कासदाहाची चाचणी आणि नोंदवहीवर सही. गोठ्यावर त्याच पशुवैद्याच्या देखरेखीखाली काम करणारा पदविकाधारक. आणि रात्रीच्या हाकेसाठी वेगळा दर. असे तीन-चार गोठे मिळून एक पशुवैद्य पूर्णवेळ ठेवू शकतात. त्यात एक सावधगिरी मात्र हवी. एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर जाणारे गमबूट आणि हातमोजे रोगही घेऊन जातात. प्रत्येक गोठ्याचे बूट व एप्रन वेगळे आणि तेथेच ठेवलेले असावेत.

तीनशेच्या वर मात्र पगारी पशुवैद्याशिवाय भागत नाही. तेथेही वर्षातून तीन-चार वेळा बाहेरचा जाणकार बोलावून नोंदी तपासून घ्याव्यात. विमा, जनावराची किंमत ठरवणे, मृत जनावराचे शवविच्छेदन अशा ज्या कागदांवर मालकाचे पैसे अवलंबून असतात, ते बाहेरच्या पशुवैद्याकडून करून घेतलेले बरे. त्याने मालकाची पत राहते आणि नोकरीतल्या डॉक्टरची मानही मोकळी राहते.

गोव्याच्या बाजूने

गोव्यात तीनशे गाईंचे गोठे बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. येथील दूधधंदा कुर्टीच्या गोवा डेअरीशी जोडलेल्या लहान-मध्यम उत्पादकांचा आणि पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या दवाखान्यांवर अवलंबून आहे. ‘श्वेत कपिला’ या गोव्याच्या देशी गाईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, पण बँकेचे कर्ज आणि अनुदान घेऊन उभा राहणारा गोठा बहुधा संकरित गाईंचाच असतो, आणि त्या गाई घाटापलीकडच्या बाजारांतून येतात. पंचवीस-तीस गाई एकदम आणणाऱ्याने पहिल्या खरेदीसाठी तरी पशुवैद्य सोबत न्यावा. एक दिवसाचे मानधन आणि प्रवासखर्च एका सदोष कासेच्या गाईच्या किमतीपुढे काहीच नाही. कानातील बारा आकडी बिल्ला नोंदीशी जुळतो का, लाळ्या-खुरकुताची लस केव्हा टोचली, सांसर्गिक गर्भपाताची रक्तचाचणी झाली का, हे व्यवहारापूर्वी पाहायचे. आणलेल्या गाई काही आठवडे मूळ कळपापासून दूर बांधायच्या. रोगनिदानाच्या मोठ्या चाचण्यांसाठी नमुने पुण्याच्या पश्चिम विभागीय प्रयोगशाळेत जातात. ते कसे गोळा करायचे आणि बर्फात कसे पाठवायचे हे जाणणारा माणूस हवा, अन्यथा निकाल येतो तो निरुपयोगी नमुन्याचा.

सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, वेगळा उल्लेख करावा लागतो, कारण येथे जनावराबरोबर माणूसही आजारी पडतो. गाभण काळाच्या अखेरच्या टप्प्यात गाय गाभडते. वार हाताने ओढणाऱ्या मजुराला महिनोन्‌महिने येत-जात राहणारा ताप जडतो, आणि गावातील डॉक्टर त्याला मलेरिया किंवा टायफॉइड समजून औषधे देत राहतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा याची लस दिली जाते. ही लस जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई आपल्याच हाताला लागली, तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. हातमोजे व चष्मा न घालता गोठ्यातील पोराच्या हाती ही कुपी देणारा मालक आपल्या माणसाच्या जिवाशी खेळतो. गोठ्यावर स्वतःचा वा कराराने बांधलेला पशुवैद्य असण्याचे सर्वांत मोठे कारण गाय नसून, तिच्याभोवती वावरणारी ही माणसे आहेत.

नेमणूकपत्र लिहिताना पगार आणि राहण्याची सोय यांपलीकडे तीन अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदवावेत. उपचाराखालील गाईचे दूध टाकीत जाऊ न देण्याचा अधिकार पशुवैद्याचा, आणि त्याबाबत व्यवस्थापकाला विचारण्याची गरज नाही. संशयित रोगाची खबर खात्याला देण्याचा आणि जनावरांची ये-जा थांबवण्याचा अधिकार त्याचा, मालक परगावी असला तरी. औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तो रजेवर असताना कोणती औषधे बाहेर राहतील याची यादी त्याच्या सहीची. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत थंड पडून बसणाऱ्या गाईला शिरेतून द्यायचे कॅल्शियम या यादीत नसावे. ते घाईने सोडले तर हृदय बंद पडून गाय जागीच जाते. रात्री दोन वाजता अशी गाय दिसली तर मजुराने कोणाला फोन करायचा आणि तो येईपर्यंत गाय आडवी पडू न देता छातीवर कशी बसवून ठेवायची, हे कन्नड, मराठी व हिंदी अशा मजुरांना समजणाऱ्या भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्याच्या भिंतीवर लावावे.